इवलीशी परी इवलीशीच राहू द्या

वाचकांचे प्रश्न : मुलांची पुस्तके

मुलांसाठी घरी रचलेल्या गोष्टी आमच्याकडे पाठवाव्यात, असे आवाहन मागील अंकात सीमाभागातील पालकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी खानापूर तालुक्यातील एका आईच्या पत्राला या वेळी सर्वाधिक जागा दिली आहे. त्यांच्या गोष्टीत मुलांच्या चित्रपुस्तकासंबंधीचे बहुतेक प्रश्न एकत्र आले आहेत, आणि इतर पत्रांची उत्तरेही तिच्याच आधाराने देता येतात.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पावसाळ्यात आमच्या गावात वीज वारंवार जाते आणि अंधार झाला की ती फार घाबरते. तिच्यासाठी मी तांदळाच्या दाण्याएवढ्या परीची गोष्ट रचली. परीचे नाव कणी. श्रावणातल्या एका रात्री वीज जाते, घरातली मुलगी रडू लागते, तेव्हा देव्हाऱ्यामागे राहणारी कणी बाहेर पडते. वळचणीतल्या कोळ्याच्या जाळ्यात एक काजवा अडकलेला असतो. कणी मंत्र म्हणून जाळे तोडते, काजव्याला कंदिलासारखे हातात धरते आणि मुलीच्या उशाशी आणते. शेवटी परीराणी तिला सोन्याची छडी देते, कणी माणसाएवढी होते आणि सगळा अंधार पळवून लावते. माझी बहीण चित्रे काढते. आम्हा दोघींना याचे चित्रपुस्तक करायचे आहे. हस्तलिखित आणि तिची चित्रे सोबत आहेत. त्यात काय बदलावे?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आपले हस्तलिखित मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी शेवटचे पान बाजूला ठेवून वाचले, आणि गोष्ट अधिक चांगली झाल्याचे जाणवले. सोन्याची छडी आली आणि कणी माणसाएवढी झाली की त्याआधी तिने जे काही केले ते निव्वळ मोठे होण्यासाठी दिलेल्या परीक्षेसारखे वाटू लागते, आणि ऐकणाऱ्या मुलीच्या मनावर असे ठसते की अंधार घालवायचा तर आधी मोठे व्हावे लागते. आपली मुलगी आज रात्रीत मोठी होणार नाही. उद्याही ती सहा वर्षांचीच असेल आणि वीज उद्याही जाईल. म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना अशी की कणीने जे करायचे ते लहान असतानाच करावे, शक्य तिथे लहान असल्यामुळेच करावे, आणि पुस्तक मिटताना ती तांदळाच्या दाण्याएवढीच असावी. सगळा अंधार पळवण्याचीही गरज नाही. एका काजव्याच्या उजेडात उशीचा एक कोपरा आणि त्यावर टेकलेला आईचा हात दिसला, तर मुलीला तेवढे पुरेल.

हे एकदा ठरले की बाकीचे बदल त्यातूनच सुचत जातात. सर्वांत आधी मापाचा विचार करू. तांदळाचा अख्खा दाणा साधारण सहा-सात मिलिमीटर लांब असतो, तर काजवा एक सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. म्हणजे कणीला काजवा हातात धरता येणार नाही. म्हशीशेजारी उभी असलेली लहान मुलगी जशी दिसते, तशी ती काजव्याशेजारी दिसेल. आपण पाठवलेल्या तिसऱ्या चित्रात मात्र ती काजव्याच्या तिप्पट झाली आहे, आणि पाचव्या चित्रात देव्हाऱ्यातल्या समईएवढी. मोठ्यांच्या नजरेतून असे फरक निसटतात, मुलांच्या नजरेतून निसटत नाहीत. चित्रे काढणाऱ्या मावशींना, म्हणजे आपल्या बहिणीला, सांगावे की प्रत्येक चित्रात मुलांच्या ओळखीची एखादी वस्तू कणीजवळ ठेवावी. आगपेटीतली काडी कणीच्या सहापट उंच येईल, सदऱ्याचे बटण तिला बैलगाडीच्या चाकाएवढे वाटेल, आणि फळीवर गोकाकची लाकडी खेळणी असतील तर त्यातला रंगवलेला आंबा तिच्यापुढे डोंगरासारखा उभा राहील. एका पानावर तर कणीला तिच्या खऱ्या मापात, सात मिलिमीटरची, कोऱ्या कागदावर एकटी उभी करून पाहावी. मूल त्या पानावर तांदळाचा खरा दाणा आणून ठेवेल, आणि त्या क्षणापासून ते पुस्तक त्याचे होईल.

आता जाळ्याविषयी. मंत्राने जाळे तुटते तिथे गोष्टीतला सगळा ताण सुटतो, कारण मंत्र म्हणायला धाडस लागत नाही. प्रत्यक्ष जाळ्याची रचना आपल्या कामाची आहे. गोल जाळे विणणारा कोळी मध्यापासून कडेपर्यंत जे धागे ताणतो, बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांसारखे, ते चिकट नसतात. त्यांच्यावरून गोल गोल फिरवत नेलेले धागे चिकट असतात. माणसाचा हात लागला तर जाळे नुसते फाटते आणि काजवा त्यात अधिकच गुंडाळला जातो. तांदळाच्या दाण्याएवढ्या परीला मात्र कोरडा धागा धरून, चिकट धागे ओलांडत, आत जाता येते. हे काम त्या घरात दुसऱ्या कोणालाही जमणारे नाही, आणि ते तिच्या लहानपणामुळेच जमणारे आहे. त्यासाठी तिने आधी थांबून नीट पाहिले पाहिजे. कणी जाळ्याच्या कडेशी उभी आहे आणि नुसती पाहते आहे, असे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले एक चित्र द्यावे आणि तिथे एकही शब्द लिहू नये. वाचून दाखवणाऱ्यालाही तिथे गप्प बसावे लागेल आणि मूल स्वतः धागे निरखू लागेल. काजवा सुटल्यावर कोळ्याने काय खायचे, हा प्रश्न कोणीतरी मूल विचारणारच. त्याचे उत्तर पुस्तकात नसले तरी चालेल, पण कोळ्याला दुष्ट दाखवू नये.

श्रावण बदलावा अशी माझी विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस, कणकुंबी आणि भीमगडच्या रानाकडे, काजवे सर्वांत दाट दिसतात ते पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यांत. पाऊस लागून राहिला की त्यांचे दिवस संपत येतात. गोष्ट मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसाच्या रात्री, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठेवली, तर काजवाही खरा राहील, पाऊसही मिळेल, आणि पहिल्याच वाऱ्यापावसात वीज गेली हे तर आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला अनुभवाने ठाऊक आहे. पाऊस आला की कणीला वळचणीपर्यंत पोचणेही अवघड होईल. पावसाचा मोठा थेंब पाच मिलिमीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे जवळजवळ तिच्याएवढाच. तरीही ती चिरडली जाणार नाही. डासासारखा हलका जीव पावसात मरत नाही, कारण तो इतका हलका असतो की थेंब त्याला फोडत नाही, स्वतःबरोबर ढकलत नेतो. जमिनीवर आदळण्यापूर्वी थेंबातून सुटणे एवढेच त्याला साधावे लागते. कौलाच्या कडेवरून निघालेला थेंब कणीला घेऊन तुळशीच्या पानापर्यंत जातो आणि तिथे ती पान धरून सुटते, असे एक पान आपल्या गोष्टीत मला स्पष्ट दिसते.

काजव्याच्या उजेडाचाही असाच उपयोग करता येईल. त्याच्या पोटातील विशिष्ट द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो उजेड निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ निघतच नाही. कणीला हे माहीत नसावे. तिने आजवर समईची ज्योत पाहिली आहे, म्हणून काजव्यानेही आपला हात भाजेल असे तिला वाटावे, आणि तरीही तिने हात पुढे करावा. गोष्टीतील सर्वांत धाडसाची जागा माझ्या मते हीच आहे. हात लावल्यावर तो उजेड थंड लागतो, हे नंतर कळते.

आपल्या हस्तलिखितात ‘शूर’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. तो नऊही ठिकाणचा काढावा. कणी घाबरली आहे हे मात्र एकदा स्पष्ट लिहावे, आणि चित्रात तिने परकराची कड मुठीत घट्ट धरलेली दाखवावी. पुढच्या पानांवर ती मूठ कधी सैल होते आणि कधी पुन्हा आवळली जाते, एवढे मावशींनी सांभाळले तर शब्दांना काही सांगावे लागणार नाही. ज्या मुलीला भीती वाटते तिला ‘घाबरू नकोस’ असे सांगणाऱ्या परीपेक्षा, स्वतः घाबरलेली आणि तरीही एक पाऊल पुढे टाकणारी परी अधिक जवळची वाटेल.

छपाईविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून आठ-सोळा पानांच्या फर्म्यांत विभागला जातो. नामपान वगैरे वजा जाता गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या साधारण चौदा जोड्या उरतात. मजकूर पाचशे-सहाशे शब्दांपेक्षा अधिक नको. आपला तेराशेचा आहे. कणी फार लहान असल्यामुळे एक विशेष काळजी घ्यावी लागेल. जोडपानाच्या मधोमध जी घडी येते तिच्याजवळ कणीला कधीही ठेवू नये, आणि कापणीच्या कडेजवळही ठेवू नये. काही वर्षांपूर्वी मी ज्या पुस्तकाच्या कामात होते, त्यात मुंगीचे चित्र नेमके घडीत गेले, आणि छापून आलेल्या सगळ्या प्रतींत त्या पानावर मुंगीच उरली नाही. मुले ‘मुंगी कुठं गेली?’ असे विचारत राहिली, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. अंधाराच्या पानांवर काळ्या रंगावर पांढरी अक्षरे घेण्याचा मोह होईल, पण देवनागरीच्या बारीक मात्रा आणि रफार शाईने भरून जातात. त्यासाठी चित्रातच खिडकीचा किंवा चादरीचा फिकट भाग सोडावा आणि तिथे गडद अक्षरे ठळक, मोठ्या आकारात, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून घ्यावीत.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. परी ही कल्पना परकी आहे आणि ती मुलांना अंधश्रद्धेकडे नेते, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. आपल्या मातीतील पात्रे असताना परी कशासाठी?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : ‘परी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. इंग्रजीतील ‘फेअरी’शी त्याचा नाद जुळतो, पण नाते नाही, तो शब्द लॅटिनमधील नियतीवाचक शब्दापासून निघाला आहे. बोटाएवढ्या मुलीची डेन्मार्कच्या हान्स अँडरसनची कथा १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि फुलपाखराचे पंख लावलेली परी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रांमधून जगभर रूढ झाली. एवढ्यापुरते आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु इवल्या देहाच्या थोर जिवांची कल्पना परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वात अंगठ्याएवढ्या वालखिल्य ऋषींची कथा आहे. ते सगळे मिळून पळसाची एकच काडी वाहून नेत असतात, आणि गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात बुडू लागतात. लाकडांचा डोंगर उचलून चाललेला इंद्र त्यांना हसतो आणि ओलांडून पुढे जातो. त्या अपमानातूनच पुढे गरुडाच्या जन्माची कथा उभी राहते. खुराच्या ठशातले ते तळे मला आपल्याकडच्या पावसाळी पायवाटेवर नेहमी आठवते. हनुमानानेही वाट अडवणाऱ्या सुरसा नागमातेच्या जबड्यातून सुटताना अंगठ्याएवढे रूप घेतले होते. वाढत जाऊन जे साधले नाही ते त्याने लहान होऊन साधले.

अंधश्रद्धेची शंका मी हलकी मानत नाही. मात्र ती परीमुळे उद्भवते असे मला वाटत नाही. अडचण आली की मंत्र म्हटला आणि सुटली, या मांडणीमुळे ती उद्भवते. वरील पत्रातील आईंना मंत्र काढण्यास सुचवले ते याचसाठी. कणी आहे, एवढी एक गोष्ट मुलाने मानली की पुढे जाळे, थेंब, काजवा हे सगळे जसे असते तसेच असावे. त्या वयाची मुले एवढा करार फार प्रामाणिकपणे पाळतात. एक गोष्ट मात्र मी टाळीन. विहिरी-तळ्यांकाठच्या साती आसरांना पंख लावून गोड पऱ्या करू नयेत. ‘आसरा’ हा शब्द अप्सरेपासून आला असला तरी त्या अनेक घरांच्या श्रद्धेचा आणि धाकाचा विषय आहेत, आणि त्यांच्यावर असा मुलामा चढवणे ना श्रद्धेला न्याय देते, ना मुलांना.

प्रश्न : माझी नात इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. शाळेत कन्नडही शिकते. घरी मराठी बोलते, पण मराठी वाचायचे म्हटले की पुस्तक बाजूला सारते. अशा मुलांसाठी चित्रपुस्तक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावे का? आणि त्यातील पात्रांनी पुस्तकी मराठी बोलावे की आपली बेळगावची?
— एक आजोबा, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजोबा, चित्रपुस्तक हे मुळात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी असते, त्यामुळे नातीला अक्षरे येत नाहीत ही त्यात अडचण नाही. उलट, ज्या पुस्तकात मुख्य पात्र तांदळाच्या दाण्याएवढे आहे तिथे नात आपल्यापुढे असेल. आपण चष्मा लावून ओळी वाचत असाल तेवढ्या वेळात तिने कणीला देव्हाऱ्याच्या सावलीत शोधून काढलेले असेल. प्रत्येक पानावर आधी तिला शोधू द्यावे, मग आपण वाचावे. तिने चित्रातील गोष्ट मध्येच कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत सांगितली तरी तिला अडवू नये आणि सुधारू नये. चार-पाच वाचनांनंतर तीच वाक्ये तिच्या तोंडून मराठीत येऊ लागतील, आणि पाठ झालेल्या वाक्यावर बोट फिरवता फिरवता अक्षरे ओळखीची होतात. जोडाक्षरांची भीती बाळगू नये. ऐकताना मुलाला जोडाक्षर अडत नाही.

दोन भाषांविषयी माझे मत असे की दोन्ही असाव्यात, पण एकाच पानावर नसाव्यात. देवनागरीच्या चार ओळी आणि कन्नडच्या चार ओळी एकत्र आल्या की चित्राची जागा निम्मी होते, आणि त्या गर्दीत पहिला बळी जातो तो अर्थातच सर्वांत लहान पात्राचा. कन्नड मजकूर शेवटच्या दोन पानांवर द्यावा किंवा वेगळी आवृत्ती काढावी. तो भाषांतरासारखा न वाटता कन्नडमध्येच घडलेला वाटावा. तिथे परी ‘किन्नरी’ होईल, आणि घरातल्या लहान मुलीला ज्या मायेने ‘पुट्टी’ म्हणतात त्याच मायेने कणीलाही कोणी हाक मारील. आपल्या नातीच्या वर्गातील मैत्रिणींना ते पुस्तक तिनेच वाचून दाखवावे. या भागात १९५६ पासून भाषेचा प्रश्न मोठ्या माणसांनी फार सोसला आहे, आणि त्यातील वेदना मी जाणते. परंतु मुलीला गोष्ट दोनदा मिळाली तर त्यात मराठीचे काही उणे होत नाही.

पात्रांच्या बोलण्याबद्दल मला संकोच वाटत नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे, म्हणजे गोष्ट पुण्यातल्या आणि नांदेडच्या मुलालाही कळेल. पण कणी जाळ्यात अडकलेल्या काजव्याला ‘अरे, इथं काय करूलास?’ असे विचारू दे. आपले घरचे बोलणे पुस्तकात छापलेले ऐकले की बेळगावचे मूल चमकून वर पाहते. पुस्तके आपल्याविषयीही असतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवते. असे बोलणे हसवण्यासाठी मात्र वापरू नये. कणीने ते तितक्याच गांभीर्याने बोलावे, जितक्या गांभीर्याने आपण घरी बोलतो.

प्रश्न : परीला पंख नसले तर चालतात का?
— खानापूरच्या आईंच्या पत्रामागे, पेन्सिलीने

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न आणि त्याखालचे चित्र, दोन्ही मिळाले. चालतात. कणीला पंख असते तर ती जाळ्यापर्यंत उडत गेली असती, आणि मग धागा धरून चालण्याची वेळच आली नसती; शिवाय पहिल्या पावसात पंख भिजले की त्यांचा काही उपयोग नसतो. तू तिच्या डोक्यावर पानाचे इरले काढले आहेस ते मला फार आवडले. लावणीच्या वेळी शेतात माणसे घेतात तसेच ते आहे, आणि थेंबापासून तिला खरोखर वाचवील. आईला आणि मावशीला सांग की पुस्तकातल्या कणीलाही हेच इरले द्यायचे. फक्त तुझ्या चित्रात तिचे हात इरल्याच्या आत लपले आहेत, ते बाहेर काढ. पुढच्या पानावर तिला धागा धरायचा आहे.